ओढा पुन्हा घाण होतो, तेव्हा पर्यावरण मंडळाने काय करावं

प्रश्न: आमच्या विद्यापीठाचं पर्यावरण मंडळ दोन वर्षांपासून आवारामागच्या ओढ्यावर स्वच्छता मोहीम घेतं. पोस्टर लावली, व्याख्यानं ठेवली, प्लास्टिकमुक्तीची शपथही घेतली. पण महिन्याभरात ओढा परत पहिल्यासारखा होतो आणि सुरुवातीला उत्साहाने येणारी मुलं आता फिरकत नाहीत. काठावर झाडं लावायचाही विचार आहे. पुढच्या मोहिमेसाठी एका कंपनीने टी-शर्ट आणि फ्लेक्स देऊ केले आहेत. आम्ही नेमकं काय बदलावं?

उत्तर:

तुमची मुलं आळशी झाली म्हणून यायची थांबली, असं मला वाटत नाही. केलेलं काम महिन्याभरात पुसलं जातंय हे त्यांना दिसलं आणि त्यांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. आणखी मोठी मोहीम घेऊन किंवा आणखी पोस्टर चिकटवून ती परत येणार नाहीत. विद्यार्थ्यांच्या पर्यावरण मंडळांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. त्यातली जी मंडळं टिकली, ज्यांच्या ओढ्याकाठी किंवा तळ्याकाठी खरोखर फरक पडला, त्यांची रीत जवळपास सारखीच होती. त्यांनी कचरा नुसता उचलला नाही, मोजला. त्या मोजणीच्या जोरावर आवारातला एखादा निर्णय बदलून घेतला. आणि जमिनीचा एकच तुकडा बॅचमागून बॅच सांभाळला. तुम्हालाही मी हेच सुचवते आहे, फक्त ते करायचं कसं हे जरा तपशिलात सांगते.

मोजणीची कल्पना नवी नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओ'हॅरा या दोघींनी एक स्वच्छता मोहीम घेतली. तीच पुढे दरवर्षी सप्टेंबरात जगभर होणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम झाली. त्यांनी पहिल्याच दिवशी आलेल्यांच्या हाती पोत्याबरोबर नोंदीचा कागदही दिला आणि उचललेली प्रत्येक वस्तू लिहायला सांगितली. त्या सवयीमुळे आज आपल्याला ठाऊक आहे की अनेक वर्षं या मोहिमेत सिगारेटची थोटकं पहिल्या क्रमांकावर असायची आणि २०१९ च्या मोजणीत पहिल्यांदाच खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकलं. (सिगारेटचा फिल्टर कापसाचा किंवा कागदाचा असतो असं पुष्कळांना वाटतं. तो सेल्युलोज ॲसिटेटचा असतो, म्हणजे प्लास्टिकच.) तो कागद नसता तर हाताशी फक्त 'इतकी पोती कचरा' एवढंच उरलं असतं, आणि पोत्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

तुमच्यासाठी पद्धत साधी ठेवा. ओढ्याकाठचा शंभर मीटरचा एक पट्टा निवडा. ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यांवर ऑस्पार या सागरसंरक्षणाच्या करारानुसार जी मोजणी चालते, तीही शंभर मीटरच्याच पट्ट्यावर होते. दोन्ही टोकांना न हलणाऱ्या खुणा ठरवा: पुलाचा खांब, मोठा खडक, जुनं झाड. त्यांचे फोटो काढून ठेवा, कारण दोन वर्षांनी 'आपण इथून सुरुवात करायचो की तिथून' यावर वाद होतोच. दोघादोघांच्या जोड्या करा, एकाने उचलायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. कागदावर पंधराएक प्रकारांपेक्षा जास्त रकाने नकोत. तीस-चाळीस प्रकारांचे तक्ते मी पाहिले आहेत, अर्ध्या तासात सगळं 'इतर'मध्ये जायला लागतं.

पहिल्या मोजणीचा आकडा बाजूला ठेवा, त्याची पुढच्या कशाशी तुलना करू नका. तो वर्षानुवर्षं साचलेला साठा आहे. पट्टा पूर्ण साफ झाला की ठरलेल्या अंतराने, समजा दर चार आठवड्यांनी, पुन्हा मोजा. आता जे मिळेल ती आवक. तुम्हाला लढायचं आहे ते आवकेशी. 'महिन्याभरात पहिल्यासारखा होतो' असं तुम्ही लिहिलंय, पण तो खरंच पहिल्यासारखा होतो की निम्माच होतो, आणि त्यात कोणत्या वस्तू परत येतात, हे तुम्हाला आज सांगता येणार नाही. मोजणीनंतर येईल. वजनही करा, पण वजनावर फार विसंबू नका. गाळाने भरलेली एक गोणी किंवा एक टायर सगळा हिशेब उलटा करतो, आणि वेष्टनं कितीही असली तरी तागडीला कळत नाहीत.

आता त्या ढिगाकडे जरा नीट बघा. खाऊच्या पाकिटाचा फाडलेला कोपरा घ्या, नखाएवढा. मोहिमेत बहुतेकांना तो दिसतच नाही. पण वाकून मोजायला लागलात की असे कोपरे शेकड्याने निघतात. काही तुकड्यांना गाळ चिकटलेला असतो, छपाईचा रंग उडालेला असतो, ते काडीकचऱ्यात आणि मुळांत गुंतलेले असतात. ते वरून वाहून आले आहेत. काही मात्र कोरडे, चकचकीत, आणि नेमके बसायच्या कठड्याखाली किंवा पायवाटेच्या वळणावर. ते तिथेच फाडून टाकलेले आहेत. पहिल्या प्रकाराचा उपाय वरच्या नाल्यात शोधायचा, दुसऱ्याचा त्या कठड्यापाशी. पूर्ण पाकीट मिळालं तर मागची उत्पादनाची तारीख वाचा. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या तारखा जास्त असतील तर कचरा ताजा आहे, आसपासचा आहे. चार-पाच वर्षांपूर्वीच्या निघाल्या तर काठ खचून जुना साठा उघडा पडतोय. एका दुपारच्या या कामातून मुलांना जे कळतं ते कुठल्याही व्याख्यानातून कळत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते.

आणखी एक गोष्ट मोजताना लक्षात येईल. ओढ्यात पाण्याच्या बाटल्या तुम्हाला वाटल्या होत्या त्यापेक्षा कमी सापडतील आणि चकचकीत पाकिटं जास्त. बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची असते, तिला भंगारात किंमत आहे, म्हणून कचरावेचक ती उचलून नेतात. पाकीट दोन-तीन प्रकारचं प्लास्टिक आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा थर एकत्र दाबून बनवलेलं असतं. ते थर वेगळे करणं परवडत नाही, त्यामुळे ते कुणी घेत नाही. ओढ्यात साचतो तो मुख्यतः किंमत नसलेला कचरा. म्हणून 'पुनर्चक्रीकरण करा' हा संदेश तुमच्या ओढ्याच्या फारसा उपयोगाचा नाही. १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं, त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि पुनर्चक्रीकरण झालं ते त्या कचऱ्याच्या जेमतेम ९ टक्क्यांचं, असा हिशेब २०१७ साली गायर, जॅम्बेक आणि लॉ या तीन संशोधकांनी मांडला. डब्याच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो, तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ते परत वापरात येईल याची हमी तो देत नाही.

हे दाखवायला आणि एकूणच जागृतीला तुमच्याकडे पोस्टरपेक्षा चांगली साधनं आहेत. काचेच्या उभट भांड्यात पाणी घ्या. बाटलीच्या टोपणाचा तुकडा, पिशवीचा तुकडा, आणि बाटलीच्या अंगाचा तुकडा कापून त्यात टाका, बुडबुडे निघून जातील असं ढवळा. टोपण आणि पिशवी तरंगतात, बाटलीचा तुकडा तळाशी जातो. टोपण-पिशव्यांचं पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, बाटलीचं पीईटी आणि फ्लेक्समध्ये असतं ते पीव्हीसी जड. बाटली तरंगते ती आतल्या हवेमुळे आणि घट्ट टोपणामुळे. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं त्याला सांगावं लागत नाही की ओढ्याचा पृष्ठभाग स्वच्छ दिसला म्हणजे ओढा स्वच्छ झाला असं नाही. शेजारी उन्हात वाळलेली जुनी पिशवी ठेवा आणि बघणाऱ्याला बोटांनी चोळायला सांगा. तिचा हातात चुरा होतो. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात, पिशवी नाहीशी होत नाही, तिचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरहून लहान अशा कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली त्यांच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. अशी जीर्ण पिशवी ओढ्यात सापडली तर ओढून काढू नका, खालून पत्रा किंवा सुपडी घालून मातीसकट उचला.

पोस्टरबद्दल मात्र एक धोका सांगायलाच हवा. 'दररोज हजारो विद्यार्थी इथे कचरा टाकतात' अशा धर्तीची पोस्टर उलटा परिणाम करतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे पर्यटक दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे उचलून न्यायचे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'पूर्वी अनेकांनी लाकूड नेलं आणि त्यामुळे उद्यानाचं रूप बदललं' अशा अर्थाची पाटी होती तिथे चोरी जास्त झाली, नुसती 'कृपया नेऊ नका' अशी विनंती होती तिथे कमी. सगळेच करतात म्हटल्यावर माणूस स्वतःलाही त्या सगळ्यांत धरतो. चाल्डिनींच्याच १९९० च्या प्रयोगांत हेही दिसलं की आधीच घाण असलेल्या जागी लोक जास्त कचरा टाकतात. म्हणून साफ केलेला पट्टा साफ राखणं हीसुद्धा जागृतीच आहे. तुमच्या फलकावर 'या महिन्यात इथे इतकी वेष्टनं कमी मिळाली' असा खरा आकडा लिहा, दर महिन्याला बदला. आकडा वाढला तर तोही लिहा, लपवू नका. लोक विश्वास ठेवतात ते त्यामुळे.

मोजणीचे दोन-तीन महिने झाले की मुख्य कामाला हात घाला. पट्ट्यावर सर्वांत जास्त येणाऱ्या पहिल्या दोन-तीन वस्तूंचा माग वरच्या दिशेने काढा. पहिला जोराचा पाऊस झाला की सुरक्षित अंतरावरून नाल्यांच्या तोंडांवर लक्ष ठेवा, कोणत्या तोंडातून काय येतं ते लिहा. बहुतेक वेळा असं निघतं की मोठा वाटा एक-दोन ठिकाणांहूनच येतो: उघड्यावर ठेवलेल्या भरून वाहणाऱ्या कचरापेट्या, उपाहारगृहामागचा कोपरा, नाहीतर एखाद्या वसतिगृहाचं पावसाळी गटार. हे शोधताना आवारातल्या सफाई कामगारांना आधी विचारा. कोणती पेटी कोणत्या वारी ओसंडते, कुत्री कोणती पिशवी फाडतात, वारा कचरा कुठे नेतो, हे त्यांना तोंडपाठ असतं, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं. मंडळाच्या बैठकीत त्यांना बोलावा, आणि फोटोपुरतं नको, त्यांचं म्हणणं कामाच्या यादीत पहिलं घ्या. एखादी पेटी दहा पावलं सरकवून तिला झाकण लावलं तरी आवक उतरते. गटाराच्या तोंडावर जाळी बसवायची कल्पना तुमच्यापैकी कुणाला तरी सुचेलच. ती स्थापत्य विभागाशी बोलल्याशिवाय बसवू नका. पावसात ती रोज साफ करणारं माणूस नसेल तर पाणी तुंबतं आणि मग सगळ्यांचा राग मंडळावर निघतो.

यानंतरचं पाऊल मंडळं सहसा टाकत नाहीत, कारण त्यात फोटो निघत नाही: विद्यापीठाचा एखादा निर्णय बदलून घेणं. उपाहारगृहाचा ठेका कधी संपतो, नवी निविदा कधी निघते, तिचा मसुदा कोण करतं, हे शोधा. ठेका चालू असताना ठेकेदाराला विनवण्या करण्यात तुमचं वर्ष जाईल. निविदेत 'बसून खाणाऱ्यांना धुऊन वापरायची भांडीच द्यायची, त्यासाठी धुण्याची सोय ठेकेदाराने करायची, एकदाच वापरायचे कप, चमचे, स्ट्रॉ ठेवायचे नाहीत' अशी कलमं गेली, तर तेच काम एका सहीने होतं आणि ठेक्याच्या मुदतीपर्यंत टिकतं. बाहेर न्यायच्या कपांसाठी अनामत ठेवून परत घ्यायची पद्धत चालते, पण कप परत द्यायची जागा वर्गांजवळ हवी. लांब ठेवली तर कप टेबलांवर पडून राहतात आणि दोन महिन्यांत योजना गुंडाळली जाते.

मागणीचं पत्र एका पानाचं करा. वर पट्ट्याचा एक फोटो, त्याखाली तीन मोजण्यांचे आकडे, त्याखाली एकच मागणी. दहा मागण्या केल्यात तर त्यातली सगळ्यांत निरुपयोगी मागणी मान्य होते, बहुधा आणखी एक फलक. नियम बदलला की किती फरक पडतो याचा दाखला हवा असेल तर आयर्लंडचा द्या. २००२ साली तिथे दुकानातल्या प्लास्टिक पिशवीवर कर लागला आणि पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. जनजागृती त्याआधीही होतच होती. आकड्यांच्या ताकदीचा दाखला हवा असेल तर अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा. तिथल्या बंदरात २०१४ पासून पाण्याच्या प्रवाहावर आणि सौरऊर्जेवर चालणारं एक मोठं चाक वाहून आलेला कचरा उचलतं, आणि काय काय उचललं याची नोंद ठेवली जाते. खाद्यपदार्थांच्या फोमच्या डब्यांचे ते आकडे बंदीच्या बाजूने मांडले गेले आणि मेरीलँड राज्याने २०१९ साली अशा डब्यांवर बंदीचा कायदा केला. स्वयंसेवकांच्या कागदांचं मोल किती मोठं होऊ शकतं हे २०२४ च्या एका अभ्यासातही दिसलं. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत ८४ देशांतल्या स्वयंसेवकांनी कचऱ्यावरची कंपन्यांची नावं टिपली होती. निम्म्याहून जास्त वस्तूंवर नावच वाचता येत नव्हतं, आणि ज्यांवर येत होतं त्यातल्या निम्म्याहून अधिक फक्त ५६ कंपन्यांच्या होत्या. तुमच्या तक्त्यात नावाचा एक रकाना ठेवायला काहीच हरकत नाही.

पाण्याच्या बाटल्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो चांगुलपणाचा नाही, भरवशाचा आहे. आवारातल्या नळाच्या पाण्यावर ज्याचा विश्वास नाही तो बाटली विकत घेणारच, आणि त्याला दोष देणं अन्याय आहे. पाणी भरायच्या यंत्रांची तपासणी नियमित करून घ्या, तारखेसकट अहवाल यंत्रावरच लावा, फिल्टर कधी बदलला ते लिहा, आणि परीक्षेच्या इमारतीजवळ यंत्र आहे का ते बघा. इतकं झाल्यावर मग बाटली बरोबर आणायचं आवाहन करा, त्याआधी नको.

मध्येच कुणीतरी 'विघटनशील' कप आणि पिशव्यांचा प्रस्ताव घेऊन येईल. सावध राहा. पीएलए नावाचं वनस्पतींपासून बनणारं प्लास्टिक कुजतं, पण औद्योगिक खतप्रकल्पात, साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. ओढ्याच्या थंड पाण्यात ते इतर प्लास्टिकसारखंच पडून राहतं. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात 'बायोडिग्रेडेबल' छापलेल्या पिशव्या तीन वर्षं मातीत आणि समुद्रात ठेवल्या, तरी त्यात सामान भरून नेता येत होतं. तुमच्या गावात ते कुजवणारा प्रकल्प नसेल तर तो प्रस्ताव तिथेच थांबवा.

आता ओढ्याबद्दल. तुमच्या पत्रात कचरा आहे, पोस्टर आहेत, कंपनी आहे, पण त्या ओढ्यात आणि काठावर काय जगतं याचा एकही उल्लेख नाही. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव हीच आहे. ज्या पट्ट्यावर कचरा मोजता, तिथलेच पक्षी, चतुर, फुलपाखरं, बेडूक, मासे, झाडं, गवतं टिपायला लागा. आयनॅचरलिस्ट हे ॲप त्यासाठी उत्तम आहे. तेही २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालं होतं. फोटो टाकला की ओळखायला जगभरचे जाणकार मदत करतात. वर्षभरात तुमच्याकडे त्या पट्ट्याची प्रजातींची यादी तयार होते, आणि उद्या तिथे वाहनतळ किंवा काँक्रीटची भिंत करायचा बेत निघाला तर हातात काहीतरी ठोस असतं.

या यादीमुळे तुमची साफसफाईसुद्धा बदलते. काठावर जमिनीलगत घरटी करणारे पक्षी असतील तर त्या हंगामात तिथे चाळीस जणांचा घोळका नेणं म्हणजे नुकसानच. त्या महिन्यांत दोघा-तिघांनीच मोजणी करावी. पालापाचोळा, पडलेली लाकडं, पुरात आलेल्या काटक्या हा कचरा नाही, किड्यांचं आणि बेडकांचं घर आहे. तो ओढ्यातच राहू द्या. काठाच्या मातीत मुळांबरोबर रुतलेली पिशवी जोर लावून उपटलीत तर काठच ढासळतो, अशा वेळी दिसतो तेवढाच भाग कापून घ्या. आणि प्रत्येक बाटली, प्रत्येक डबा पोत्यात टाकण्याआधी तिरका करून आत बघा. तोंड वर करून उताराला पडलेली बाटली लहान जिवांसाठी सापळा असते. आत शिरता येतं, गुळगुळीत भिंतीवरून बाहेर येता येत नाही. हिंदी महासागरातली कोकोस बेटं आणि पॅसिफिकमधलं हेंडरसन बेट इथल्या एका अभ्यासात असा अंदाज निघाला की किनाऱ्यावर पडलेल्या डब्याबाटल्यांत अडकून पाच लाखांहून जास्त शंखवासी खेकडे मेले. एक मेला की त्याच्या वासाने दुसरे येतात, कारण त्यांना वाटतं एक शंख रिकामा झाला. तुमच्या ओढ्याकाठी गोगलगाई, भुंगेरे, चिचुंद्र्या निघतील. कोणत्या बाटलीत काय सापडलं तेही लिहा. ही एक नोंद वाचून गप्प झालेले वरिष्ठ अधिकारी मी पाहिले आहेत.

झाडं लावायची घाई करू नका. काठावर मुळात गवताळ पट्टा असेल तर झाडं लावून तो बिघडतो. लावायचीच असतील तर तिथली स्थानिक झाडं, आणि पुढची दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार त्याची नावं ठरवून. त्यापेक्षा घाणेरी, जलपर्णी यांसारख्या बाहेरून येऊन पसरलेल्या वनस्पती काढण्याचं काम पुष्कळदा जास्त मोलाचं ठरतं. पण तेही वनस्पतीशास्त्र विभागातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन, थोडं थोडं, आणि बी धरायच्या आधी. जलपर्णी काढून काठावरच ठेवली तर पुढच्या पुरात ती पुन्हा पाण्यात जाते.

व्यवस्थेच्या गोष्टी पटकन सांगते. गोळा केलेला कचरा त्याच दिवशी कोण नेणार हे स्थानिक प्रशासनाशी आधी लेखी ठरवा, रात्रभर काठावर राहिलेली पोती सकाळपर्यंत फाटलेली असतात. काहीही जाळू नका, पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. जाड हातमोजे आणि बंद बूट नसतील त्याला काठावर उतरू देऊ नका. सुया आणि फुटकी काच यांच्यासाठी झाकणाचा टणक डबा वेगळा ठेवा. हाताला जखम असेल त्याने लिहिण्याचं काम घ्यावं. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो. वरच्या भागात पाऊस पडत असेल तर मोहीम रद्द, त्यावर चर्चा नको.

कंपनीच्या टी-शर्ट आणि फ्लेक्सबद्दल माझं स्पष्ट मत: नको म्हणा. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा थर, वापरून झाला की त्याचं पुढे काही होत नाही. पॉलिएस्टरच्या टी-शर्टमधून दर धुण्याला सूक्ष्म तंतू सुटतात. एका सकाळसाठी शंभर टी-शर्ट छापून प्लास्टिकविरोधी काम होत नाही, आणि उद्या त्याच कंपनीचं वेष्टन तुमच्या तक्त्यात वर आलं तर ते जाहीर करताना तुमची जीभ अडखळेल. कंपनीला खरंच मदत करायची असेल तर हातमोजे, तागड्या, पाण्याच्या तपासणीचा खर्च किंवा झाकणाच्या पेट्या द्यायला सांगा, कुठेही नाव न छापता. काही कंपन्या तेवढ्यावर मागे फिरतील, काही देतील.

फिरकेनाशा झालेल्या मुलांना पुन्हा मोहिमेचा निरोप पाठवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या मोजणीनंतर त्यांना एकेकट्याला भेटा आणि नेमकं काम द्या. एकीला नकाशे आवडतात, तिला नाल्यांच्या तोंडांचा नकाशा करायला सांगा. एकाला आकडेमोड जमते, त्याला तक्ते द्या. जो भांडण्यात पटाईत आहे त्याला निविदेच्या मागे लावा. सगळ्यांनी पोतंच उचललं पाहिजे असा आग्रह धरला की ज्यांना ते जमत नाही ते गळतात, आणि बऱ्याचदा तीच मुलं इतर कामांत सर्वांत चांगली असतात.

विद्यापीठातल्या मंडळाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी त्याची आठवण पुसली जाते. जाणकार मुलं पदवी घेऊन जातात आणि नवी मुलं पुन्हा शपथेपासून सुरुवात करतात. यासाठी एक जाड वही ठेवा, कागदाचीच, ग्रंथालयात किंवा विभागाच्या कपाटात. तिच्यात पट्ट्याच्या खुणा फोटोंसह, सगळे तक्ते, नाल्यांचा नकाशा, पत्रव्यवहार, कोणत्या अधिकाऱ्याकडे काय मागितलं आणि काय उत्तर आलं, ठेका संपायची तारीख, घरट्यांचे महिने, कोणत्या कामगाराने कोणती उपयुक्त माहिती दिली, हे सगळं असू द्या. संगणकावर प्रत ठेवाच, पण पासवर्ड माहीत असलेला मुलगा निघून जातो आणि वही कपाटात राहते. पदं वाटताना मोजणीची जबाबदारी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे द्या आणि अध्यक्षाला त्याच्या हाताखाली लिहायला बसवा, म्हणजे किमान दोन वर्षं तो हात तयार राहतो. परीक्षांच्या काळात मोजणी चुकणार हे गृहीत धरून वेळापत्रक आखा. चुकलेली मोजणी मागाहून अंदाजाने भरू नका, रकाना रिकामा सोडा आणि शेजारी कारण लिहा. पहिली मोजणी ओढा भरून वाहायला लागायच्या आधी उरकून घ्या, आणि ती करायला सगळं मंडळ लागत नाही, सहा जण पुरतात.